ओव्हरडेंचरची पकड: बॉल, बार, लोकेटर की चुंबक?

दंतकथा (धागाकर्ता)

कवळीवरच्या जुन्या धाग्यात इम्प्लांटवर (जबड्याच्या हाडात बसवलेल्या कृत्रिम मुळावर) बसणाऱ्या कवळीचा, म्हणजे ओव्हरडेंचरचा विषय निघाला आणि तेव्हापासून व्यक्तिगत निरोपांतून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. डॉक्टरांनी खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट सुचवलेत, त्यांच्यावर बॉल लावू, लोकेटर लावू की बार करू असं विचारलंय, तर काय निवडावं? प्रत्येकाला वेगवेगळं लिहिण्यापेक्षा इथेच सविस्तर लिहितो. मी प्रोस्थोडॉन्टिस्ट आहे, गेलेल्या दातांच्या जागी काहीतरी बसवून देणं हाच माझा धंदा. मतं माझी, मतभेदांचं स्वागत.

सुरुवात खालच्या कवळीच्या दुखण्यापासून करू. वरच्या कवळीला टाळूचा ऐसपैस पृष्ठभाग मिळतो. लाळेचा पातळ थर आणि हवाबंद बसलेली किनार यांच्या जोरावर ती टिकून राहते. खाली मिळते ती यू आकाराची अरुंद पट्टी, तीही आतून जीभ आणि बाहेरून गाल-ओठांचे स्नायू अशा कात्रीत सापडलेली. त्यात हाड झिजत जातं. टॅलग्रेन यांनी कवळी वापरणाऱ्यांचा २५ वर्षं पाठपुरावा करून १९७२ साली निष्कर्ष छापले, त्यात खालच्या जबड्याची झीज वरच्याच्या साधारण चौपट भरली होती. त्यामुळे वरची कवळी झकास आणि खालची डुगडुगती, ही तक्रार आम्हाला रोजचीच.

यावर आधी आली ती मुळं राखण्याची कल्पना. दोन-तीन दात, शक्यतो सुळे, रूट कॅनाल करून हिरडीच्या वर दोन-तीन मिमी ठेवून कापायचे, घुमटासारखे गोल करायचे आणि त्यांच्यावरून कवळी चढवायची. मूळ जागेवर आहे तोवर भोवतीचं हाड टिकतं, आणि मुळाभोवतीच्या तंतूंमुळे चावताना किती जोर लागतोय हे कळत राहतं. क्रम आणि रूनी या दोघा संशोधकांनी १९७८ साली पाच वर्षांचे आकडे दिले: खालच्या जबड्याच्या पुढच्या भागात मुळं राखलेल्यांचं हाड सरासरी ०.६ मिमीने खाली गेलं, साधी कवळी घालणाऱ्यांचं ५.२ मिमीने. हा फरक बघितल्यावर मला तरी दुसरा पुरावा लागत नाही.

मुळंच शिल्लक नसतील तर इम्प्लांट. २००२ साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी जाहीर केलं की खालच्या जबड्यात एकही दात नसलेल्या माणसाला साध्या कवळीऐवजी दोन इम्प्लांटवरची ओव्हरडेंचर हाच पहिला पर्याय समजावा. २००९ साली इंग्लंडमधल्या यॉर्कच्या तज्ज्ञ-निवेदनाने त्याला दुजोरा दिला. वरच्या जबड्याचं हाड मऊ असतं, तिथे सहसा चार तरी इम्प्लांट धरतात.

आता अटॅचमेंट. हिचे दोन भाग असतात. एक इम्प्लांटवर किंवा मुळावर पक्का बसतो, दुसरा कवळीच्या आतल्या बाजूला. दोन्ही एकमेकांत अडकले की कवळी उचलली जात नाही.

बॉल सगळ्यांत जुन्या आणि सोप्या प्रकारांपैकी. इम्प्लांटवर छोटा गोळा, कवळीत त्याची वाटी, टिचबटणाचं तत्त्व. वाटीत रबराची ओ-रिंग असते किंवा धातूच्या पाकळ्या. डाल्बो-प्लस नावाच्या प्रकारात गोळा २.२५ मिमी व्यासाचा आणि वाटीतला पाकळ्यांचा भाग छोट्या किल्लीने फिरवून पकड कमी-जास्त करता येते. ही सोय मला फार आवडते. भाग बदलायची गरज लांबणीवर पडते. अडचण उंचीची, आणि दोन इम्प्लांट समांतर नसले तर झिजेची.

लोकेटर २००० च्या आसपास आला आणि बघता बघता सगळीकडे पसरला. कारण दोन: तो बुटका आहे, आणि कवळी घालताना स्वतःची जागा स्वतः शोधतो. कवळीतल्या धातूच्या टोपीत नायलॉनची चकती बसते, तिला इन्सर्ट म्हणतात. रंगावरून पकड कळते. पारदर्शक सगळ्यांत घट्ट, कंपनीच्या आकड्यानुसार साधारण २.३ किलो, गुलाबी १.४ च्या आसपास, निळा ०.७. हे एका अटॅचमेंटचे आकडे आहेत, दोन असतील तर दुप्पट धरा. पारदर्शक जोडी बसवलेली कवळी काढायला म्हातारं माणूस किती झगडेल याचा अंदाज यावरून करा.

बारमध्ये इम्प्लांट एका दांडीने जोडलेले असतात आणि कवळीतल्या क्लिपा त्या दांडीला पकडतात. डोल्डर बार स्विस प्राध्यापक डोल्डर यांच्या नावाचा. त्याच्या अंडाकृती छेदाच्या प्रकारात कवळीला थोडं हलायला वाव असतो, यू छेदाच्या प्रकारात ती ताठ बसते. हाडर बारचा छेद किल्लीच्या भोकासारखा आणि क्लिपा प्लास्टिकच्या. हल्ली टायटॅनियमच्या ठोकळ्यातून मशीनवर कोरलेले बारही मिळतात.

चुंबक आणि टेलिस्कोपिक क्राऊन यांच्याबद्दल प्रश्न आले तर लिहितो, नाहीतर धागा संपणार नाही.

मुख्य मुद्दा असा की अटॅचमेंट कवळीला उचलू देत नाही, एवढंच तिचं काम. कवळीला खालून आधार द्यायचा तो हिरडीने आणि मागच्या हाडाने, आणि ती बाजूला सरकू नये यासाठी कवळीची किनार व दातांची मांडणी नीट हवी. आधीच वाईट बसणाऱ्या कवळीला पारदर्शक इन्सर्ट लावून घट्ट केलं की तक्रार काही महिने झाकली जाते, मग नायलॉन फाटतं, नाहीतर कवळी तडकते. म्हणून 'कुठली अटॅचमेंट' याआधी डॉक्टरांना विचारा: नवी कवळी करणार की आहे तीच वापरणार? आणि माझ्या तोंडात उभी जागा किती आहे?

लॅबवाला

डॉक्टर, शेवटच्या ओळीबद्दल तुम्हाला दंडवत. डेंटल लॅबमध्ये आयुष्य गेलं माझं. सगळ्यात जास्त डोकेदुखी याच उभ्या जागेची, आणि ती आम्हाला कळते सगळं ठरून झाल्यावर. इम्प्लांट बसलेले, बारचं ठरलेलं, मॉडेल टेबलावर येतं आणि बघतो तर बार, वर क्लिप, वर अ‍ॅक्रिलिक (कवळीचं प्लास्टिक), वर दात असं रचायला जागाच नाही.

आम्ही काय करतो ते सांगतो, म्हणजे वाचणाऱ्यांना कल्पना येईल. मेणात दात लावून ट्रायल होते, पेशंटच्या तोंडात बघून डॉक्टर ओके देतात. मग त्या मांडणीला बाहेरून पुट्टी दाबून साचा घ्यायचा. मेण आणि दात मॉडेलवरून काढले की पुट्टीत दातांचे ठसे राहतात. साचा परत मॉडेलवर ठेवला की इम्प्लांटच्या डोक्यापासून दाताच्या कडेपर्यंत मोकळी पोकळी समोर दिसते. पट्टी घालून मोजायची. इम्प्लांटच्या डोक्यापासून दाताच्या कडेपर्यंत बारला १३-१४ मिमी तरी लागतात, लोकेटरला ८.५-९ मध्ये भागतं, बॉल मधे कुठेतरी, १०-१२. हे मोजमाप इम्प्लांट घालायच्या आधी झालं तर हाड थोडं खाली घेता येतं, नाहीतर अटॅचमेंट बदलता येते. नंतर कळलं तर एकच उरतं, अ‍ॅक्रिलिक पातळ करायचं. आणि पातळ अ‍ॅक्रिलिक तडकतं कुठे? बरोबर टोपीच्या वर, किंवा दोन टोप्यांच्या मधे.

म्हणून माझा आग्रह असतो की ओव्हरडेंचरमध्ये कोबाल्ट-क्रोमची जाळी किंवा सांगाडा टाकाच. डॉक्टर लोक खर्च वाढतो म्हणून नको म्हणतात आणि तीच कवळी तुकडे होऊन परत येते. असो.

अनघा_जो

फार छान धागा, वाचनखूण साठवली. माझ्या सासूबाईंना पार्किन्सन्स आहे, हात थरथरतात. खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट झालेत, आता पुढचं ठरायचंय. कवळी त्यांना स्वतःला काढता-घालता यावी ही इच्छा आहे. कधी कधी मी घरी नसते तेव्हा त्यांच्याजवळ असणाऱ्या मावशींनाही जमायला हवं. काय सुचवाल?

दंतकथा

अनघाताई, अशा वेळी मी पकडीच्या आकड्यांकडे उलटं बघतो. चालता-बोलता-चावताना सुटणार नाही इतकी किमान पकड किती, एवढंच बघायचं, जास्तीत जास्तच्या मागे लागायचं नाही. दोन रस्ते आहेत.

एक, लोकेटर बसवून निळा इन्सर्ट. तोही जड वाटला तर लाल असतो, अर्ध्या किलोच्या आतबाहेर.

दुसरा रस्ता चुंबकाचा. इम्प्लांटवर कीपर नावाची चुंबकाला चिकटणाऱ्या धातूची सपाट चकती, कवळीत चुंबक. कवळी जवळ नेली की शेवटचा मिलिमीटर ती स्वतःच खेचली जाते, नेम धरावा लागत नाही. काढताना सरळ वर ओढायची गरज नाही, एका बाजूने जरा तिरकी केली तरी सुटते. थरथरत्या किंवा संधिवाताने वाकलेल्या हातांना हे फार सोपं जातं. तोटा हाच की सरळ ओढीतली पकड बाकीच्यांपेक्षा कमी, आणि बाजूने ढकललं तर चुंबक फारसा विरोध करत नाही. चिकट काही चावलं तर कवळी उचलली जाईल. हाड अगदीच सपाट झालेलं असेल तर मी चुंबक देताना विचार करीन.

इम्प्लांट झालेले आहेत म्हणजे दोन्ही पर्याय अजून खुले आहेत. तुमच्या डॉक्टरांना सासूबाईंचे हात प्रत्यक्ष बघू द्या. खुर्चीत बसलेला पेशंट बघून हाताचा अंदाज येत नाही. आरसा आणि कवळी हातात देऊन 'घाला बघू' म्हटल्यावर येतो.

मावशींसाठी एकच सूचना: कवळी बोटांनी दोन्ही बाजूंनी एकदम दाबून बसवायची, सासूबाईंना 'चावा' म्हणून बसवायची नाही.

पेचकस

इंजिनिअर आहे, दातांतलं शून्य कळतं. दोन शंका. (१) झिजतं माहीत असताना नायलॉनच का? चांगला मिश्रधातू वापरून वर्षानुवर्षं टिकेल असं काही का नाही करत? (२) निओडिमियम चुंबक ओलाव्यात गंजतो हे शेंबडं पोर सांगेल. चोवीस तास लाळेत बुडालेला चुंबक टिकतो कसा?

दंतकथा

(१) दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासणार म्हटल्यावर एक झिजणारच. प्रश्न इतकाच की कुठला झिजावा. नायलॉनची चकती खुर्चीतच काही मिनिटांत बदलता येते. इम्प्लांटवरचा भाग झिजला तर तो उघडून नवा लावणं मोठं काम आहे. म्हणून मऊ भाग कवळीत आणि कठीण भाग तोंडात. तरी लोकेटरचा वरचा भागही झिजतो, विशेषतः नायलॉनमध्ये घाणीचे कण रुतून बसले की त्याचा सँडपेपर होतो. त्याच्यावर कठीण लेप असतो त्याचं कारण तेच.

(२) उघडा चुंबक टिकत नाहीच. आधी सॅमेरियम-कोबाल्ट आले, मग ऐंशीच्या दशकापासून निओडिमियम-लोह-बोरॉन. दोन्ही स्टेनलेस स्टील किंवा टायटॅनियमच्या डबीत बंद करून लेझरने सीलबंद करतात. त्या डबीला बारीकसं भोक पडलं किंवा ती घासून पातळ झाली की आतला चुंबक झपाट्याने गंजतो आणि पकड जाते. पूर्वीच्या चुंबकांची बदनामी यातूनच झाली, आताच्या डब्या बऱ्याच सुधारल्यात. आणखी एक गोष्ट तुम्हाला आवडेल: चुंबकाची ओढ अंतराबरोबर इतकी वेगाने घसरते की कीपर आणि चुंबक यांच्यात केसभर फट राहिली तरी पकड लक्षात येण्याइतकी उतरते. त्यामुळे कवळीत चुंबक बसवताना हात फार जपून चालवावा लागतो.

पेचकस

म्हणजे नायलॉन हा मुद्दाम ठेवलेला कमकुवत दुवा. पटलं. आमच्याकडेही महागडा शाफ्ट वाचवायला बुश स्वस्तातलं घालतात.

निवांतकाका

मी वापरकर्ता. खाली दोन लोकेटर, वर साधी कवळी. डॉक्टरांनी सुरुवातीला गुलाबी बसवले होते. पहिल्या रात्री कवळी निघेना. अंगठ्याची नखं कडेखाली घालून घालून हिरडी सोलवटली, शेवटी मुलाने काढून दिली. दुसऱ्या दिवशी निळे करून घेतले, तेव्हापासून मजेत आहे. खटक्कन आवाज आला की बसली.

मला विचारायचंय ते वेगळंच. अलीकडे इन्सर्ट फार लवकर सैल होतात. आधी वर्षभर चालायचे, आता दोन-तीन महिन्यांत खडखडायला लागते. डॉक्टर दर वेळी बदलून देतात, तक्रार नाही, पण हे असंच चालायचं का?

दंतकथा

काका, नाही चालायचं. हा प्रतिसाद जरा मोठा होईल, कारण बऱ्याच जणांना उपयोगी आहे.

पुढच्या बाजूला दोन इम्प्लांट असतात तेव्हा त्या दोघांना जोडणारी रेघ हा कवळीचा अक्ष होतो. मागच्या दाढांनी चावलं की मागचा भाग हिरडीत किंचित दबतो, कवळी त्या अक्षाभोवती किंचित फिरते. एवढं फिरणं गृहीतच आहे, अटॅचमेंट ते सहन करते. पण मागच्या बाजूला इम्प्लांट नाहीत, तिथलं हाड झिजत राहतं. तीन-चार वर्षांत हिरडी आणि कवळी यांच्यात पोकळी तयार होते. मग प्रत्येक घासाला मागचा भाग जास्त खाली जातो, पुढचा भाग वर उचलायला बघतो, आणि सगळा ताण त्या बिचाऱ्या नायलॉनवर. इन्सर्ट पूर्वीपेक्षा लवकर झिजू लागला तर आधी कवळीचा तळ तपासायचा.

तपासणी सोपी आहे. एका बाजूच्या मागच्या दातांवर बोटाने दाबा. पुढचा भाग इम्प्लांटवरून उचलल्यासारखा होतो का, दाब सोडल्यावर परत खटका येतो का? येत असेल तर रिलायनिंग हवं, म्हणजे कवळीच्या आतल्या बाजूने नवं अ‍ॅक्रिलिक चढवून ती आजच्या हिरडीला बेतायची. त्यानंतर इन्सर्ट बदला.

दुसरं संभाव्य कारण: लोकेटरच्या मधोमध खळगा असतो, पारदर्शक-गुलाबी-निळ्या इन्सर्टचा मधला खुंट त्यात जातो. त्या खळग्यात घाण साचून दगडासारखी झाली की खुंट पूर्ण खाली उतरत नाही आणि लवकर तुटतो. आरशात बघा, खळगा स्वच्छ दिसतो का. तिसरं, इम्प्लांट एकमेकांना तिरके असणं. साध्या इन्सर्टला प्रत्येकी १० अंशांपर्यंत चालतं. त्यापुढे २० अंशांपर्यंत हिरवा, नारिंगी, लाल या मालिकेतले वापरतात, त्यांना मधला खुंट नसतो, पकड फक्त बाहेरून. पण तुमचे पूर्वी वर्षभर टिकत होते म्हणजे तिरकेपणाचा संशय कमी.

वरची साधी कवळीही दाखवून घ्या. खाली पुढच्या बाजूला भक्कम आधार आणि वर नुसती हिरडी असली की वरच्या पुढच्या हाडावर जोर पडून ते मऊ पडायला लागतं. केली यांनी १९७२ साली वर्णन केलेला प्रकार खाली पुढचे नैसर्गिक दात असणाऱ्यांचा होता, पण इम्प्लांटवाल्यांतही त्याच्यासारखं दिसतं.

हिरडीवाला

पेरिओडॉन्टिस्ट आहे, म्हणजे हिरडी आणि हाडाकडून बघणारा. धागाकर्त्यांनी बारला दोन ओळींत गुंडाळलं, त्याबद्दल निषेध. (हलके घ्या.)

वरच्या जबड्यात, हाड मऊ आणि इम्प्लांट आखूड असताना, चार इम्प्लांट बारने बांधले की जोर वाटला जातो. इम्प्लांट तिरके असले तरी बार ते झाकून घेतो, कारण कवळीला दिसते ती एकच सरळ दांडी. पकडही भरघोस. खालच्या जबड्यात जोडलेले की सुटे, याने दोन इम्प्लांटच्या टिकण्यात फारसा फरक पडत नाही हे मान्य. तिथे मीही सुटेच सुचवतो.

पण बार देणार असाल तर खाली मोकळी जागा ठेवा. बार हिरडीला चिकटून असला की हिरडी फुगून त्या फटीत वाढते, मग ब्रश जात नाही, मग रक्त येतं, मग आमच्याकडे. एक-दोन मिमी तरी हवेत.

आणि मुळांबद्दल माझी जुनीच तक्रार. दोन बरे सुळे शिल्लक असताना ते उपटून इम्प्लांट घालायची घाई कशाला? सगळ्याच मुळांवर अटॅचमेंट लावायची गरज नसते. नुसतं गुळगुळीत घुमट करून वर कवळी घातली तरी हाड राखलं जातं आणि कवळीला खालून आधार मिळतो.

दंतकथा

बारबद्दल निषेध स्वीकारला, वरच्या जबड्यात तुमच्याशी सहमत. मुळांबद्दल निम्मा सहमत. मूळ राखण्याच्या बाजूने मीही आहे, पण कवळीखाली झाकलेलं मूळ किडतं फार. लाळेची धुलाई नाही, घाण दिवसभर दाबून बसलेली. पेशंट रोज फ्लोराइडचं जेल कवळीत त्या जागी लावून घालणारा असेल तर छान. नसेल तर घुमटाच्या कडेने कीड आत शिरते. आणि मुळाच्या आत पोस्ट (खीळ) घालून वर बॉल लावला असेल तर उभं मूळ चिरण्याचा धोका वेगळाच, कारण दाताची भिंत धरायला उरलेलीच नसते.

हिरडीवाला

म्हणजे प्रश्न मुळाचा नाही, ब्रशचा. ते ठीक. पण मग तोच माणूस इम्प्लांटचीही निगा राखणार नाही. इम्प्लांट किडत नाही, भोवतीचं हाड मात्र जातं.

दंतकथा

हो, हा मुद्दा बिनतोड.

लॅबवाला

टेलिस्कोपिकवर कोणीच लिहीत नाहीये म्हणून मी लिहितो. हे माझं आवडतं काम. दातावर पातळ आतली टोपी कायमची, कवळीत तिच्यावर तंतोतंत बसणारी बाहेरची टोपी. कोनस प्रकारात भिंतींना ठरलेला उतार असतो. बसताना शेवटच्या क्षणी दोन्ही टोप्या एकमेकींत पाचरीसारख्या घट्ट होतात, काढताना किंचित उचललं की लगेच मोकळ्या. सैल होणारा नायलॉन नाही, क्लिप नाही. जर्मनीत याचा फार वापर. पण आतल्या टोप्या एकमेकांना समांतर मिल करणं, बाहेरच्या टोप्या नुसत्या फिटिंगवर पकड देतील इतक्या बारकाईने बसवणं, याला हात लागतो आणि वेळ लागतो. पकड जास्त झाली तर कमी करणं सोपं, कमी झाली तर वाढवणं फार अवघड.

अवांतर: डॉक्टर, टोप्या कवळीत तुम्ही तोंडातच बसवता की आमच्याकडे पाठवता?

दंतकथा

बहुतेकदा तोंडातच. लोकेटरवर आधी पांढरी रिंग घालायची, म्हणजे अ‍ॅक्रिलिक खाली शिरून कवळी कायमची अडकणार नाही. (अडकते तेव्हा ती कापून काढावी लागते, तो प्रसंग कोणावर येऊ नये.) वर धातूची टोपी काळ्या इन्सर्टसह. कवळीत टोप्यांच्या जागी खड्डे करायचे, कवळी घालून खात्री करायची की ती टोपीला कुठेही टेकत नाही, जिभेच्या बाजूने छोटं भोक ठेवायचं म्हणजे जास्तीचं अ‍ॅक्रिलिक बाहेर पडेल. मग थोडंसं सेल्फ-क्युअर (आपोआप घट्ट होणारं) अ‍ॅक्रिलिक.

खरी मेख इथून पुढे. अ‍ॅक्रिलिक घट्ट होईपर्यंत पेशंटने जोरात चावता कामा नये. जोरात चावलं की हिरडी दबते आणि टोपी त्या दबलेल्या स्थितीत पक्की होते. दाब गेल्यावर हिरडी पूर्ववत फुगते आणि कवळी हिरडीवर बसण्याऐवजी अटॅचमेंटवर लोंबकळते. वर म्हटलेला सगळा झिजेचा खेळ तिथूनच सुरू होतो. दात नुसते टेकतील इतपत मिटायला सांगतो. दोन्ही बाजू एकदम न करता कधी कधी एकेक करतो.

अनघा_जो

डॉक्टर, खूप खूप आभार. सासूबाईंना मेंदूचा एमआरआय मधूनमधून करावा लागतो. चुंबक घेतला तर चालेल का?

दंतकथा

बरं झालं विचारलंत. चुंबक असलेली कवळी एमआरआयच्या खोलीत न्यायचीच नाही, बाहेर काढून ठेवायची. पण कीपर तोंडातच राहतो आणि तो चुंबकाला चिकटणारा धातू असल्याने चित्रात त्याच्या आसपास काळा डाग आणि विकृती येते. मेंदूचे वरचे भाग सहसा दिसतात, जबडा आणि त्याच्या जवळपासचं चित्र बिघडतं. वारंवार एमआरआय लागणार असेल तर मी लोकेटर आणि हलका इन्सर्ट याकडे झुकेन. चुंबकच घ्यायचा ठरला तर स्क्रूने बसणारा, गरज पडल्यास काढता येणारा कीपर मागा आणि तपासणीच्या वेळी आधी सांगा.

रेवा२१

वाचनमात्र होते, आज राहवलं नाही. बाबांची लोकेटरची कवळी महिन्यापूर्वी झाली. आम्ही ती रोज रात्री कपड्यांच्या ब्लीचच्या पातळ पाण्यात भिजवतो, जंतू मरावेत म्हणून. चालेल ना? आणि हा धागा वाचून कवळी उलटी करून बघितली तर आत काळ्या रंगाच्या चकत्या आहेत. पारदर्शक-गुलाबी-निळ्यात काळा कुठेच नव्हता म्हणून विचारते. कवळी तशी सैलच वाटते त्यांना.

दंतकथा

रेवाताई, ब्लीच बंद करा. सोडियम हायपोक्लोराइटमध्ये भिजवल्यावर लोकेटरच्या इन्सर्टची पकड लक्षणीय कमी झाल्याचं प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत दिसलं आहे, आणि धातूलाही ते चांगलं नाही. मऊ ब्रश, साधा सौम्य साबण आणि पाणी पुरे. खरखरीत टूथपेस्टही नको. तोंडातल्या लोकेटरसाठी वेगळा छोटा मऊ ब्रश ठेवा आणि तो खळगा रोज साफ होतोय ना ते बघा. रात्री कवळी साध्या पाण्यात.

काळी चकती म्हणजे प्रोसेसिंग इन्सर्ट, टोपी कवळीत बसवताना वापरायचा. पकड नावापुरती असते. काही डॉक्टर इम्प्लांट नवे असताना त्यांच्यावर ओढ कमी यावी म्हणून तो काही काळ मुद्दाम ठेवतात, त्यामुळे स्वतःहून निष्कर्ष काढू नका. फोन करून विचारा: काळे इन्सर्ट जाणूनबुजून ठेवलेत का, आणि कायमचे कधी बसवायचे? इम्प्लांट आणि अटॅचमेंट कुठल्या कंपनीचं आणि कुठल्या मापाचं, हे कार्डावर लिहून मागून घ्या. एका प्रकारचे इन्सर्ट दुसऱ्याला चालत नाहीत. लोकेटरच्याच नव्या आवृत्तीचे जुन्याला चालत नाहीत.

रेवा२१

फोन केला. मुद्दामच ठेवलेत म्हणाले, पुढच्या भेटीत निळे बसवणार आहेत. कार्ड फाइलमध्येच होतं, आम्हीच बघितलं नव्हतं. ब्लीच आजपासून बंद.